प्रिन्स्टनचं मॅक्लीन हाऊस: अध्यक्षांच्या जुन्या घराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात येणारे बहुतेक पाहुणे नॅसॉ स्ट्रीटवरच्या लोखंडी फाटकातून आत शिरतात, समोरच्या नॅसॉ हॉलचा, म्हणजे कॉलेजच्या जुन्या मुख्य इमारतीचा, फोटो काढतात आणि पुढे निघतात. उजव्या हाताला असलेल्या पिवळ्या दुमजली घराकडे फारसं कुणी बघत नाही. जे बघतात, ते मात्र नंतर प्रश्न पाठवत राहतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे तपशिलात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मॅक्लीन हाऊस म्हणजे काय? तिथे आता कोण राहतं?

राहत कुणीच नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अध्यक्षांचं हे मूळ निवासस्थान. अमेरिकेत कॉलेजचा अध्यक्ष म्हणजे साधारण आपल्याकडचे कुलगुरू, संस्थेचे सर्वोच्च शैक्षणिक प्रमुख. १७५६ ते १८७८ या काळात ते इथे राहत. पुढे घर डीनकडे गेलं, आणि १९६८ पासून माजी विद्यार्थ्यांचा कारभार इथून चालतो. जुन्या कागदांत ते फक्त 'प्रेसिडेंट्स हाऊस' आहे. मॅक्लीन हे नाव खूप उशिरा आलं, त्याचं कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

२. हे घर कधी बांधलं आणि कोणी?

१७५६ साली, नॅसॉ हॉलच्या जोडीनेच. दोन्ही इमारतींचं काम फिलाडेल्फियाचे रॉबर्ट स्मिथ यांच्याकडे होतं. ते जन्माने स्कॉटिश आणि पेशाने सुतार. त्या काळी वास्तुरचनाकार नावाचा वेगळा माणूस क्वचितच असे, कसबी सुतारच आराखडा काढी आणि बांधकामही उभं करी. फिलाडेल्फियाचा प्रसिद्ध कार्पेंटर्स हॉलही याच स्मिथ यांचा.

कॉलेजला सनद मिळाली ती १७४६ मध्ये, आणि तेव्हा त्याचं नाव होतं कॉलेज ऑफ न्यू जर्सी (प्रिन्स्टन विद्यापीठ हे नाव १८९६ चं). वर्ग आधी एलिझाबेथटाऊनला पहिल्या अध्यक्षांकडे भरत, नंतर नेवार्कला. कायमची जागा शोधताना विश्वस्तांनी गावांपुढे अट ठेवली: १००० पौंड, १० एकर मोकळी जमीन आणि जळणासाठी २०० एकर रान. प्रिन्स्टनच्या लोकांनी ती पुरी केली. नॅसॉ हॉलखालची साडेचार एकर जमीन नॅथॅनिएल फिट्झरँडॉल्फ या गावकऱ्याने दिली. आज ज्या फाटकातून आपण आत जातो, त्याला त्याचंच नाव आहे. नॅसॉ हॉल दगडाचा झाला, अध्यक्षांचं घर विटांचं.

३. अध्यक्षांना कॉलेजच्या आवारातच घर कशासाठी? गावात राहिले असते तर काय बिघडलं असतं?

अध्यक्ष हे तेव्हा एकाच वेळी पुष्कळ काही असत: शेवटच्या वर्षाला शिकवणारे प्राध्यापक, रविवारचे प्रवचनकार, पैसे उभे करणारे आणि वसतिगृहाचे रेक्टरही. मुलं नॅसॉ हॉलमध्येच राहत, शिकत, जेवत. पंधरा-सोळा वर्षांची मुलं एका दगडी इमारतीत कोंडली की काय होतं ते सांगायला नको.

ॲशबेल ग्रीन यांच्या कारकिर्दीत, १८१४ च्या जानेवारीत मुलांनी एक पोकळ ओंडका बंदुकीच्या दारूने ठासून नॅसॉ हॉलमध्ये उडवला. १८१७ च्या जानेवारीत इमारतीची दारं खिळे ठोकून बंद केली, बाहेरच्या झोपड्यांना आग लावली आणि घंटा बडवत ठेवली. असा आवाज ज्या घराच्या खिडकीतून ऐकू येईल, तिथेच अध्यक्ष असणं विश्वस्तांना हवं होतं. घराचं दार आणि नॅसॉ हॉलचं दार यांत हाकेचं अंतर आहे. ते मुद्दाम ठेवलेलं आहे, असं मला तरी वाटतं.

४. इथे एकूण किती अध्यक्ष राहिले?

दहा. क्रमाने: आरन बर (थोरले), जोनाथन एडवर्ड्स, सॅम्युअल डेव्हिस, सॅम्युअल फिनली, जॉन विदरस्पून, सॅम्युअल स्टॅनहोप स्मिथ, ॲशबेल ग्रीन, जेम्स कार्नाहन, जॉन मॅक्लीन आणि जेम्स मकॉश.

कॉलेजचे पहिले अध्यक्ष जोनाथन डिकिन्सन या यादीत नाहीत, कारण ते १७४७ मध्येच एलिझाबेथटाऊनला वारले. तेव्हा प्रिन्स्टनला कॉलेजची एक वीटही नव्हती. म्हणून कॉलेजचे दुसरे अध्यक्ष हे या घराचे पहिले. हा एकाचा फरक लक्षात ठेवा, प्रश्न १८ मध्ये तो पुन्हा लागणार आहे.

आणखी एक गंमत. या दहांत सासरा-जावयाच्या दोन जोड्या आहेत. एडवर्ड्स हे बर यांचे सासरे, आणि जावयामागून सासरा त्या घरात आला. स्मिथ हे विदरस्पून यांचे जावई, तिथे मात्र क्रम रीतसर होता.

५. घर बांधल्यावर दहा वर्षांत चार अध्यक्ष वारले, हे खरं का? वास्तू अपशकुनी मानत होते का?

आकडा खरा आहे. बर २४ सप्टेंबर १७५७ ला गेले, एडवर्ड्स २२ मार्च १७५८ ला, डेव्हिस ४ फेब्रुवारी १७६१ ला आणि फिनली १७ जुलै १७६६ ला. घरात राहायला आलेले पहिले चारही जण पदावर असतानाच गेले.

पण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि त्यात वास्तूचा काही दोष दिसत नाही. बर अंगावर ताप घेऊन घोड्यावरून गावोगाव फिरत होते. कॉलेजचे मोठे आधार असलेले गव्हर्नर बेल्चर वारले, तेव्हा त्याच अवस्थेत त्यांनी त्यांच्या अंत्यविधीचं प्रवचन दिलं आणि आल्यावर अंथरूण धरलं. वय ४१. डेव्हिस यांना सर्दी-तापावर उपाय म्हणून रक्त काढण्यात आलं आणि प्रकृती आणखी ढासळली. वय अवघं ३७. फिनली उपचारासाठी फिलाडेल्फियाला गेले होते आणि तिथेच वारले.

एडवर्ड्स यांची गोष्ट सगळ्यात चटका लावणारी. ते त्या काळचे अमेरिकेतले सर्वांत नावाजलेले धर्मचिंतक. जावई गेल्यावर विश्वस्तांनी त्यांना बोलावलं. १६ फेब्रुवारी १७५८ ला त्यांनी पद स्वीकारलं. आसपास देवीची साथ होती आणि त्यांचा विज्ञानावर विश्वास होता, म्हणून आठवड्याभरात त्यांनी देवी टोचून घेतल्या. ही जेन्नरची गाईच्या देवींची लस नव्हे, ती पुढे १७९६ मध्ये आली. त्या वेळी खऱ्या देवीच्या रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाला टोचत. बहुतेकांना सौम्य आजार होऊन ते बरे होत. एडवर्ड्स यांच्या घशात आणि तोंडात फोड आले, काही गिळता येईना, ताप चढला आणि महिन्याभरात ते गेले.

त्यांची मुलगी एस्थर ही बर यांची विधवा. वडिलांपाठोपाठ, ७ एप्रिलला तीही गेली, अवघ्या २६ व्या वर्षी. नातवंडांना न्यायला आलेली आजी सॅरा एडवर्ड्स त्याच ऑक्टोबरात फिलाडेल्फियात हगवणीने वारली.

अपशकुनाचं म्हणाल, तर डेव्हिस यांनी १७६१ च्या नववर्षाच्या दिवशी बायबलमधल्या 'या वर्षी तू मरशील' या वचनावर प्रवचन दिलं होतं, आणि पाच आठवड्यांनी ते गेले. लोकांनी त्याचा अर्थ लावायचा तो लावलाच. पण नववर्षाला मृत्यूची आठवण करून देणारं प्रवचन ही त्यांच्या प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथात नेहमीची गोष्ट होती.

६. अलेक्झांडर हॅमिल्टनला द्वंद्वयुद्धात मारणारा आरन बर तो हाच का?

नाही, तो यांचा मुलगा, नाव तेच. धाकटा बर ६ फेब्रुवारी १७५६ ला नेवार्कमध्ये जन्मला आणि त्याच वर्षअखेरीस, तान्हा असताना, या घरात आला. सव्वादोन वर्षांचा झाला तोवर आई, वडील आणि आजोबा गेलेले, काही महिन्यांत आजीही. तो आणि थोरली बहीण सॅली आधी फिलाडेल्फियात आणि मग मामाकडे वाढले. वयाच्या १६ व्या वर्षी, १७७२ मध्ये, तो याच कॉलेजातून पदवीधर झाला. पुढे अमेरिकेचा तिसरा उपराष्ट्राध्यक्ष झाला आणि त्या पदावर असतानाच, ११ जुलै १८०४ ला, देशाचे पहिले अर्थमंत्री राहिलेल्या हॅमिल्टनवर गोळी झाडली. त्याला पुरलं ते प्रिन्स्टनच्या दफनभूमीत, वडिलांच्या पायथ्याशी.

७. घरासमोरचे दोन जुने वृक्ष स्टॅम्प ॲक्ट रद्द झाल्याच्या आनंदात लावले होते ना?

गाईड हमखास हेच सांगतात. हे सायकामोरचे वृक्ष आहेत, साल सोलल्यासारखी पांढरट दिसणारे. गोष्ट अशी की अमेरिकन वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर लादणारा स्टॅम्प ॲक्ट ब्रिटिश संसदेने १७६६ च्या मार्चमध्ये मागे घेतला आणि त्या आनंदात अध्यक्ष फिनली यांनी ही झाडं लावली.

अडचण तारखेची आहे. झाडं आणायचा निर्णय विश्वस्तांनी १७६५ मध्येच घेतला होता, कायदा रद्द होण्याच्या आधी. म्हणजे अध्यक्षांच्या अंगणात सावली हवी, इतकाच साधा हेतू असणार. स्वातंत्र्याचं कथानक मागून चिकटलं. वृक्ष मात्र खरोखर तेव्हाचे आहेत. याच अंगणात १७६६ च्या उन्हाळ्यात आणखी काय झालं, ते गाईडच्या गोष्टीत नसतं. त्यासाठी प्रश्न ९ वाचा.

८. या घरात गुलाम होते का?

होते. पहिल्या दिवसापासून होते. बर यांनी सीझर नावाच्या माणसाला विकत घेतलं होतं. त्यानंतर आलेल्या अध्यक्षांच्या घरातही गुलाम स्त्री-पुरुष आणि मुलं होती. आज घरासमोर विद्यापीठाने २०१९ मध्ये लावलेला एक फलक आहे. १७५६ ते १८२२ या काळात किमान १६ गुलाम माणसं इथे राहिली आणि राबली, अशी त्यावर नोंद आहे.

'किमान' हा शब्द महत्त्वाचा. ही माणसं कागदावर येतात ती विकत घेतल्याच्या पावतीत, मृत्युपत्रात, मालमत्तेच्या यादीत किंवा चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदीत. ज्यांचा असा व्यवहार झाला नाही, त्यांचं नावही उरलं नाही. अध्यक्षांची पत्रं, प्रवचनं, रोजनिशा पेट्या भरभरून आहेत. त्यांच्यासाठी पाणी आणणाऱ्या, चूल पेटवणाऱ्या माणसांबद्दल मिळते ती एखादी ओळ. घर एकच, पण त्यातल्या एका मजल्याचा इतिहास आपल्याकडे आहे आणि दुसऱ्याचा जवळजवळ नाही. मला विचाराल तर हे घर बघायला जायचं खरं कारण इथेच आहे.

९. अध्यक्षांच्या घरी गुलामांची विक्री झाली होती, असं वाचलं. अतिशयोक्ती तर नाही ना?

जाहिरात उपलब्ध आहे, त्यामुळे अतिशयोक्तीला जागा नाही. फिनली जुलै १७६६ मध्ये वारले. त्याच महिन्याच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात त्यांच्या मालमत्तेच्या विक्रीची जाहिरात आली. तारीख १९ ऑगस्ट, ठिकाण अध्यक्षांचं घर.

ती जाहिरात एका दमात वाचण्यासारखी आहे. दोन निग्रो स्त्रिया, एक निग्रो पुरुष आणि तीन निग्रो मुलं, मग घरातलं सामान, घोडे, गुरं, एक हलकी गाडी, एक नवी बर्फगाडी, गवत, धान्य, शेतीची अवजारं. माणसं आणि बर्फगाडी यांच्यामध्ये फक्त स्वल्पविराम. पुढे शिफारस येते: स्त्रियांना घरकाम सगळं येतं, पुरुष शेतीच्या सगळ्या कामात तरबेज आहे. मुलांबद्दल एक शब्द नाही. त्या सहांपैकी कुणाचंही नाव जाहिरातीत नाही. त्याच विक्रीत फिनली यांचे धर्म, नीती आणि इतिहासावरचे ग्रंथही होते.

२०१७ मध्ये चित्रकार-शिल्पकार टायटस कफार यांचं 'इंप्रेशन्स ऑफ लिबर्टी' हे शिल्प विद्यापीठाच्या कला संग्रहालयाने याच हिरवळीवर उभं केलं होतं. फिनली यांची आकृती आणि तिच्या पोटात काळ्या पुरुष, स्त्री आणि मुलाच्या प्रतिमा, अशी त्याची रचना होती. ते तात्पुरतं होतं, आता तिथे दिसणार नाही.

१०. बेट्सी स्टॉकटन कोण? तिचा या घराशी काय संबंध?

त्या काळात या घरात गुलाम म्हणून राहिलेल्यांपैकी जिचं आयुष्य आपल्याला सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगता येतं, अशी बहुधा हीच. जन्म साधारण १७९८ चा, प्रिन्स्टनच्या बड्या स्टॉकटन कुटुंबाच्या घरी, गुलामगिरीत. त्या घरची मुलगी एलिझाबेथ ही ॲशबेल ग्रीन यांची पत्नी, आणि लहानग्या बेट्सीला तिच्याकडे देऊन टाकण्यात आलं. १८१२ मध्ये ग्रीन अध्यक्ष झाले आणि बेट्सी या घरात आली.

ग्रीन यांचा ग्रंथसंग्रह मोठा होता आणि बेट्सीला त्यातली पुस्तकं वाचायची मुभा होती. तिने ती संधी सोडली नाही. काही वर्षांनी तिला मुक्त करण्यात आलं, तरी ती पगारावर काम करत राहिली. मिशनरी म्हणून जायची इच्छा तिने स्वतः बोलून दाखवली. नोव्हेंबर १८२२ मध्ये ती न्यू हेवनहून जहाजाने निघाली आणि हवाई बेटांवर पोहोचली. तेव्हा हे प्रवास महिनोन्‌महिने चालत. माउई बेटावरच्या लाहाइना इथे तिने सामान्य घरांतल्या मुलांसाठी शाळा चालवली. तोवर मिशनऱ्यांचं शिकवणं सरदार घराण्यांपुरतंच होतं.

परतल्यावर काही काळ फिलाडेल्फियात आणि मग अनेक वर्षं प्रिन्स्टनमध्ये तिने काळ्या मुलांना शिकवलं. विदरस्पून स्ट्रीटवरच्या काळ्या लोकांच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या उभारणीत तिचा हात होता. १८६५ च्या ऑक्टोबरात ती वारली. २०१८ मध्ये विद्यापीठाने फायरस्टोन ग्रंथालय आणि नॅसॉ स्ट्रीट यांच्यामधल्या बागेला तिचं नाव दिलं. मॅक्लीन हाऊस बघून झालं की रस्त्याला लागून पूर्वेकडे चालत जा, बाग लगेच लागते.

११. न्यू जर्सी तर उत्तरेतलं राज्य. तिथे गुलामगिरी कशी?

हा गैरसमज फार आहे. उत्तरेतही गुलामगिरी होती, फक्त शेतमळ्यांऐवजी घरोघरी एक-दोन माणसं अशी. उत्तरेतल्या राज्यांत ती सर्वांत उशिरा संपवायला घेणारं राज्य न्यू जर्सी. १८०४ चा कायदा 'हळूहळू मुक्ती'चा होता. त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर जन्मलेली मुलं मुक्त, पण मुलींनी २१ आणि मुलांनी २५ वर्षांपर्यंत आईच्या मालकाकडे काम करायचं. आधी जन्मलेल्यांना त्या कायद्याने काहीच दिलं नाही. बेट्सी स्टॉकटन त्याच्या आधीची, म्हणून तिची सुटका मालकाच्या मर्जीवर होती.

१२. जॉर्ज वॉशिंग्टन या घरात राहिले होते का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. गावात ते नक्की होते. ३ जानेवारी १७७७ ची प्रिन्स्टनची लढाई इथलीच, आणि नॅसॉ हॉलमध्ये ब्रिटिश सैनिक शिरले होते. १७८३ च्या उन्हाळ्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेची काँग्रेस नॅसॉ हॉलमध्ये भरत होती. त्या वेळी वॉशिंग्टन यांचा मुक्काम जवळच्या रॉकी हिल इथल्या रॉकिंगहॅम नावाच्या घरी होता. ते घर आजही बघता येतं. 'वॉशिंग्टन झोपले ती खोली' बघायची असेल तर तिकडे जा.

त्या सप्टेंबरात ते कॉलेजच्या पदवीदानाला आले होते आणि त्यांनी कॉलेजला ५० गिनी देणगी दिली. विश्वस्तांनी त्या पैशातून चार्ल्स विल्सन पील यांच्याकडून त्यांचं चित्र काढून घेतलं, आणि ज्या चौकटीत आधी राजा दुसरा जॉर्ज होता तीत बसवलं.

१३. विदरस्पून अध्यक्ष असूनही इथे राहत नव्हते, असं का म्हणतात?

अर्धं खरं. १७६८ मध्ये स्कॉटलंडहून आले तेव्हा ते इथेच राहिले. ते आले त्या रात्री विद्यार्थ्यांनी नॅसॉ हॉलच्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या होत्या. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली तेव्हाही ते याच घराचे रहिवासी होते. पण गावाबाहेर त्यांनी टस्क्युलम नावाचं आपलं शेतघर बांधलं होतं, आणि १७७९ च्या सुमारास ते तिकडे राहायला गेले. घर त्यांनी जावई स्मिथ यांच्याकडे सोपवलं. त्यामुळे स्मिथ अध्यक्ष झाले (१७९५) त्याच्या कितीतरी आधी अध्यक्षांच्या घरात राहत होते. विदरस्पून १७९४ मध्ये टस्क्युलमलाच वारले. शेवटी त्यांची दृष्टी गेली होती. त्यांच्या मालमत्तेच्या यादीत दोन गुलाम होते.

१४. अध्यक्षांनी हे घर का सोडलं, आणि 'मॅक्लीन' नाव कुठून आलं?

सोडलं, कारण जास्त मोठं घर फुकट मिळालं. १८७८ मध्ये रॉबर्ट आणि अलेक्झांडर स्टुअर्ट या भावांनी शेजारची प्रॉस्पेक्ट नावाची हवेली विकत घेऊन कॉलेजला दिली. तेव्हाचे अध्यक्ष जेम्स मकॉश दहा वर्षं जुन्या घरात काढून तिकडे गेले. त्यानंतर जुनं घर १९६७ पर्यंत डीनचं घर म्हणून ओळखलं गेलं.

१९६८ मध्ये ते माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाला मिळालं आणि त्याला जॉन मॅक्लीन यांचं नाव दिलं. निवड अचूक होती. मॅक्लीन १८०० साली प्रिन्स्टनमध्येच जन्मले, वडील इथेच रसायनशास्त्र शिकवत. ते १८१६ मध्ये पदवीधर झाले, मग शिक्षक, प्राध्यापक, उपाध्यक्ष आणि १८५४ ते १८६८ अध्यक्ष. पद घेऊन वर्ष व्हायच्या आत, मार्च १८५५ मध्ये, नॅसॉ हॉल आतून जळून गेला. तो पुन्हा उभा करणं ही त्यांची पहिली कामगिरी. पण नाव देण्याचं कारण वेगळं आहे: १८२६ मध्ये माजी विद्यार्थ्यांची संघटना स्थापन झाली ती मॅक्लीन यांच्या पुढाकाराने. तिचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांनी इथल्याच १७७१ च्या तुकडीतल्या जेम्स मॅडिसन यांना मिळवलं, जे तोवर देशाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेले होते.

१५. मग प्रॉस्पेक्ट हाऊसलाही 'माजी अध्यक्षीय निवासस्थान' का म्हणतात?

कारण तेही माजी आहे. १९६८ पर्यंत अध्यक्ष तिथे राहत. जॉन नॉटमन यांनी १८५० च्या सुमारास इटालियन धाटणीत बांधलेली ती हवेली, मनोऱ्यासकट. मॅक्लीन हाऊसच्या शेजारी उभी केली तर ते तिचं आऊटहाऊस वाटेल. वुड्रो विल्सन अध्यक्ष असताना (१९०२–१९१०) फुटबॉल सामन्याची गर्दी बागेतून तुडवत जाई, म्हणून त्यांनी भोवती लोखंडी कुंपण घातलं. विद्यार्थी भलतेच चिडले. कुंपण अजून आहे, आणि आतली फुलबाग विल्सन यांच्या पत्नी एलन यांनी आखलेली.

प्रॉस्पेक्ट सोडून कॅम्पसबाहेरच्या लॉरी हाऊसमध्ये गेलेले अध्यक्ष होते रॉबर्ट गोहीन. मराठी वाचकांनी इथे जरा थांबावं, कारण गोहीन यांचा जन्म १९१९ मध्ये आपल्या वेंगुर्ल्याचा. आई-वडील प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये होते, वडील डॉक्टर. १९५७ ते १९७२ ते प्रिन्स्टनचे अध्यक्ष होते. पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश त्यांच्याच काळात, १९६९ मध्ये, सुरू झाला. पुढे १९७७ ते १९८० ते अमेरिकेचे भारतातले राजदूत होते. म्हणजे मॅक्लीन हाऊसला आजचं नाव मिळालं आणि प्रॉस्पेक्ट रिकामं झालं, ते दोन्ही वेंगुर्ल्यात जन्मलेल्या अध्यक्षांच्या कारकिर्दीत.

१६. फाटकाच्या डाव्या बाजूचंही एक जुनं पिवळसर घर आहे. मॅक्लीन हाऊस कोणतं?

नॅसॉ स्ट्रीटवरून आत येताना उजवीकडचं. डावीकडचं ते जोसेफ हेन्री हाऊस, भौतिकशास्त्रज्ञ हेन्री यांच्यासाठी १८३८ मध्ये बांधलेलं. ते एकाहून अधिक वेळा उचलून हलवलं आणि आजच्या जागी १९४६ मध्ये आलं. मॅक्लीन हाऊस जन्मापासून जागचं हललेलं नाही. आईनस्टाईन यांचं घरही यांतलं कुठलंच नाही. ते मर्सर स्ट्रीटवर होतं.

१७. आत जाऊन बघता येतं का?

हे चालू कार्यालय आहे, वस्तुसंग्रहालय नाही. बाहेरून घर, वृक्ष आणि फलक बघायला कुणाची परवानगी लागत नाही. फलक शांतपणे वाचा, फोटोत झाडं आली पाहिजेत या घाईत तो बऱ्याच जणांचा सुटतो. घराला १९७१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आहे.

१८. 'प्रिन्स्टनचे पहिले नऊ अध्यक्ष गुलाममालक होते' असं वाचलं. पण या घरात तर दहा राहिले. मग दहांतले नऊ का?

नाही, हिशेब तसा जुळत नाही. ते नऊ कॉलेजच्या क्रमाने मोजलेले आहेत, डिकिन्सन ते कार्नाहन. त्यांतले डिकिन्सन या घरात आलेच नाहीत (प्रश्न ४). म्हणून या घरात राहिलेल्या दहांपैकी आठ जण त्या नऊंत मोडतात. मॅक्लीन आणि मकॉश त्यांत नाहीत.

दुसरी मेख अशी की 'आयुष्यात कधी ना कधी गुलाम बाळगले' आणि 'या घरात बाळगले' ही दोन वेगळी विधानं आहेत. फलकावरचा काळ १८२२ ला संपतो, कारण त्या वर्षी ग्रीन यांनी पद सोडलं. कार्नाहन १८२३ ला आले. त्यांचं नाव नऊंच्या यादीत आहे, पण फलकाच्या काळात त्यांची कारकीर्द येत नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत, एकाच वाक्यात घातले की चुकतात.